बिनफोडणीचं अळू

छत्रपती संभाजीनगरातल्या चिकलठाण्याच्या जुन्या गावात ज्या घरांना मागचं अंगण उरलं आहे, तिथं मोरीच्या पाण्यावर अळू हमखास असतं. ते कुणी हौसेनं लावलेलं नसतं, त्याला कुणी खत घालत नाही. उन्हाळ्यात ते मरगळतं आणि मृगाचे दोन पाऊस झाले की पुन्हा डोकं वर काढतं. श्रावणात वड्या, गौरीच्या जेवणात वड्या, एखाद्या पंगतीत चिंच-गुळाचं फदफदं, एवढाच आमच्याकडे अळवाचा मान. पोट भरायला ज्वारी आहे, बाजरी आहे. अळू म्हणजे तोंडी लावणं.

पॅसिफिक महासागरात, न्यूझीलंडच्या ईशान्येला, समोआ नावाचा बेटांचा देश आहे. तिथं याच अळवाचा कंद हे रोजचं मुख्य अन्न आहे आणि याच अळवाचं कोवळं पान नारळाच्या दुधात शिजवलं की रविवारच्या जेवणाची शान होते. हे पुस्तक त्या देशातल्या घरगुती स्वयंपाकाचं आहे. त्यातली जवळजवळ प्रत्येक कृती चिकलठाण्यात, घरच्या गॅसच्या शेगडीवर, इथल्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांनी करून पाहिलेली आहे.

समोआची लोकसंख्या जेमतेम दोन लाख. आमच्या छत्रपती संभाजीनगर शहरातच 2011 च्या जनगणनेत पावणेबारा लाख माणसं मोजली गेली होती, त्यावरून त्या देशाचा आकार ध्यानात यावा. उपोलू आणि सवाई ही दोन मोठी बेटं, राजधानी आपिया. 1900 ते 1914 जर्मनांचं राज्य, मग न्यूझीलंडचा कारभार, आणि 1 जानेवारी 1962 रोजी स्वातंत्र्य. बेटांवर जेवढे समोअन राहतात जवळपास तेवढेच आज न्यूझीलंडमध्ये राहतात, आणि त्यांची मोठी वस्ती ऑकलंडला आहे. हे स्वयंपाकघर माझ्यापर्यंत पोचलं ते त्याच वाटेनं.

माझी धाकटी बहीण लग्न होऊन ऑकलंडला गेली. दक्षिण ऑकलंडमध्ये ओटाराला दर शनिवारी सकाळी बाजार भरतो. समोआ, टोंगा आणि आसपासच्या बेटांवरून आलेली माणसं तिथं हिरव्या केळ्यांच्या फण्या, नारळ, रताळी, मनगटाएवढे जाड अळवाचे कंद आणि पानांच्या जुड्या मांडून बसतात. परदेशात गेलेली मराठी बाई गौरी-गणपतीच्या आधी अळवाची पानं शोधतेच. बहिणीला ती ओटाराला मिळाली. पानं विकणाऱ्या समोअन मावशींनी तिला विचारलं, तुम्ही याचं काय करता? तिनं डाळीचं पीठ, चिंच, गूळ, तिखट, वळकटी, उकडणं, तळणं असं सगळं हातवारे करून सांगितलं. मावशी नुसत्या बघत राहिल्या. एका पानासाठी एवढा खटाटोप? पुढच्या शनिवारी त्यांनी घरून एक डबा आणला. आत अळवाच्या पानाची पुरचुंडी होती, आणि पुरचुंडीत नारळाचं दूध, कांदा व मीठ यांखेरीज काहीही नव्हतं. बहिणीनं तिथल्या तिथे, बाजारात उभ्या उभ्या ती खाल्ली आणि घरी जाऊन मला फोन केला.

त्या पुरचुंडीचं नाव पालुसामी. या पुस्तकाचं मूळ ती आहे.

आपला मराठी स्वयंपाक, त्यातही मराठवाड्याचा, जिनसांवर जिनसा चढवत जातो. काळा मसाला घ्या. धने, खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल, लवंग, मिरी, दालचिनी, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मग एकत्र कुटायचा. येसराची आमटी घ्या. धान्यं-डाळी भाजून दळलेलं पीठ, त्यात मसाला, वर तेलाची तर्री. या स्वयंपाकावर माझा जीव आहे आणि त्याच्यात एक कणही कमी करावा असं मला वाटत नाही. पण त्याची सवय इतकी खोल असते की नुसत्या पानाची, नुसत्या कंदाची चव कशी लागते हे आपण क्वचितच अनुभवतो. समोअन स्वयंपाकात मोहरी नाही, हळद नाही, जिरं नाही, मुळातल्या पदार्थांत मिरचीही नाही. कांदा, मीठ, नारळ, विस्तव आणि वेळ. कुणाला हे दारिद्र्याचं लक्षण वाटेल. माझं मत उलट आहे. झाकायला काही नसल्यामुळे तिथं पान कोवळं लागतं, नारळ त्याच दिवशी फोडलेला लागतो आणि शिजवण्यात एक मिनिटाचीही घाई चालत नाही. म्हणून वाचकाला माझं पहिलं आणि सगळ्यांत कळकळीचं सांगणं: या पुस्तकातला पदार्थ पहिल्यांदा करताना फोडणी देऊ नका. दुसऱ्यांदा हवी तर द्या, तेव्हा तुम्हाला कळलेलं असेल की आपण कशावर फोडणी देतो आहोत.

आता अळवाबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळी कथा त्याच्याभोवती आहे. अळू मुळात भारत, आग्नेय आशिया आणि न्यू गिनी या पट्ट्यातलं. तिथून पूर्वेकडे ते माणसांनी होड्यांतून नेलं. समोआच्या बेटांवर पहिली वस्ती झाली ती साधारण 2800 वर्षांपूर्वी, आणि त्या दर्यावर्दी लोकांच्या होड्यांत अळवाचे कंद होते, केळीचे मुनवे होते, नीरफणसाची रोपं होती. अळू बहुतेक करून बियांवर वाढवत नाहीत. कंदाचा वरचा तुकडा, देठाच्या बुडख्यासकट, कापायचा आणि तोच पुन्हा जमिनीत खोचायचा. खाणं आणि बियाणं एकाच झाडातून निघतं. याचा अर्थ असा की आज समोआतलं एखादं अळू हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी पुढे पोचवलेलं तेच एक झाड असू शकतं.

नारळाची हकिकत मात्र वेगळी निघाली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात असं दिसलं की जगातल्या नारळांची मुळात दोन घराणी आहेत, एक हिंदी महासागराकडचं आणि एक पॅसिफिककडचं, आणि माणसानं दोन्हीकडे नारळ स्वतंत्रपणे आपलासा केला. तेव्हा अळू दोघांचं एकच, नारळ मात्र ज्याचा त्याचा.

एकाच झाडाची लावण पुढे नेत राहण्यात जोखीम आहे, आणि ती समोआनं 1993 मध्ये भोगली. त्या वर्षी अळवावर करपा आला. फायटोप्थोरा कोलोकेशिए हे त्या रोगकारकाचं नाव. पानावर आधी पाण्यात भिजल्यासारखा गोल ठिपका, मग तो तपकिरी होत पसरतो, कडेला पिवळी झालर, आणि काही दिवसांत सबंध पान लोळागोळा. पावसाच्या थेंबांबरोबर तो पानावरून पानावर उडतो, लावणीच्या तुकड्यांबरोबर गावावरून गावात जातो. समोआत त्या वेळी बहुतेक शेतांत एकच लाडका वाण होता, तालो निउए. चवीला उत्तम, परदेशी बाजारात मागणी असलेला, आणि करप्यापुढे पूर्ण निःशस्त्र. एकाला झाला की सगळ्यांना झाला. वर्षा-दीड वर्षात देशाची सगळ्यांत मोठी निर्यात जवळजवळ शून्यावर आली आणि लोकांच्या ताटातलं मुख्य अन्न नाहीसं झालं. पुढची कितीतरी वर्षं तिथल्या शेतकऱ्यांनी आणि दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या समोआतल्या कृषी संकुलातल्या पैदासकारांनी मिळून, आग्नेय आशियातून आणि मायक्रोनेशियातून आणलेल्या वाणांशी संकर करून करप्याला दाद न देणारे नवे वाण तयार केले. कुठला वाण ठेवायचा हे ठरवताना शेतकरी कंद उकडून, चाखून मत देत. मला या सगळ्या हकिकतीत तो भाग फार मोलाचा वाटतो. रोग सोसणारं अळू पुष्कळ सापडेल. तोंडाला रुचणारं, आजीला ओळखीचं वाटणारं अळू हवं होतं.

मराठवाड्यातल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. 1972 च्या दुष्काळात आमच्या घराघरांतली ज्वारी संपली आणि परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी लोकांनी खाल्ल्या. माझ्या आईच्या पिढीतली माणसं आजही मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं करतात. भूक भागली होती हे त्यांना मान्य आहे. पण ती भाकरी आपली नव्हती. मुख्य अन्न बदललं की नेमकं काय हरवतं, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. ज्यांच्या ताटातून ते एकदा गेलं त्यांना ते विचारावं लागत नाही.

समोआच्या ताटात आणखी एक बदल झाला, आणि तो रोगानं नव्हे, बोटींनी आणला. डबाबंद मांस, पांढरा तांदूळ, साखर, मैदा, आणि अमेरिकेत फारसं कुणी खात नाही म्हणून बेटांकडे पाठवलेली टर्कीच्या शेपटाकडची चरबी. मधुमेह आणि लठ्ठपणा इतका वाढला की 2007 मध्ये सरकारनं टर्कीची शेपटं आयात करायला बंदी घातली. 2012 मध्ये देश जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि 2013 मध्ये त्या संघटनेच्या नियमांपायी ती बंदी उठवावी लागली. आपल्या लोकांना काय खाऊ घालू नये हेसुद्धा एका लहान देशाला स्वतः ठरवता येत नाही, याचा मला संताप येतो. म्हणून या पुस्तकात डब्यातल्या मांसाचे पदार्थ घेतलेले नाहीत. ते आज समोअन घरांत प्रेमानं केले जातात हे मला ठाऊक आहे आणि त्या प्रेमाबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण मी ज्या जेवणाची ओळख करून देते आहे ते मुख्यतः त्याच्या आधीचं आहे.

त्या जेवणाचा विस्तव म्हणजे उमू. समोआची बेटं ज्वालामुखीची, काळ्या बसाल्ट दगडाची. सवाईवरचा मातावानू ज्वालामुखी तर 1905 ते 1911 अशी सहा वर्षं धगधगत होता. आमचं दख्खनचं पठारही त्याच जातीच्या दगडाचं, ज्यात वेरूळ कोरलं गेलं. तिकडे त्या दगडावर जेवण शिजतं. लाकडं आणि नारळाच्या करवंट्या-सोडणं रचून त्यावर दगड तापवतात. दगड लाल झाले की जळकी लाकडं बाजूला ओढतात, दगड सारखे पसरतात आणि त्यावर सोललेलं अळू, हिरवी केळी, नीरफणस, पानात गुंडाळलेले मासे आणि पालुसामीच्या पुरचुंड्या मांडतात. वरून केळीच्या पानांचे थरावर थर. न्यूझीलंडचे माओरी असाच स्वयंपाक खड्डा करून मातीखाली करतात. समोआचा उमू जमिनीच्या वर असतो, मातीनं बुजवत नाहीत. तासाभरात सगळं शिजतं.

आणि हे सगळं करतात घरातले तरुण मुलगे. रविवारी पहाटे उठून, अंधारात विस्तव पेटवून, चर्चची घंटा होण्याआधी उमू झाकलेला असावा लागतो. चर्चहून परतल्यावर सगळं कुटुंब तोओनाई नावाचं रविवारचं जेवण जेवतं. आधी वडीलधारे आणि कुटुंबप्रमुख, ज्याला मताई म्हणतात तो; शिजवणारी मुलं शेवटी. समोआनं 2011 मध्ये न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाशी कामाचे वार जुळावेत म्हणून आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे उडी मारली, 30 डिसेंबर हा दिवसच त्या वर्षी त्यांच्याकडे उगवला नाही. तेव्हापासून जगात रविवार सगळ्यांत आधी जिथं उजाडतो अशा जागांपैकी ती एक आहे. इथं शनिवारी रात्री साडेनऊला आमची जेवणं उरकत असतात तेव्हा तिथं रविवारचे पहाटेचे पाच वाजलेले असतात आणि दगड तापत असतात.

आपल्याकडे उघड्यावरचा विस्तव पुरुषांच्या हाती असतोच. पौष-माघात चिकलठाण्यापासून जालन्याच्या बाजूला कुठल्याही ज्वारीच्या शिवारात जा, हुरड्याची आगटी दिसेल. लहानसा खड्डा, त्यात गोवऱ्यांचा निखारा, निखाऱ्यात खुपसलेली कोवळी कणसं, आणि गरम कणीस हातावर चोळून दाणे पुढे करणारा कुणीतरी काका. रायगडात अलिबाग-पेणकडे हिवाळ्यात पोपटी लावतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाल्याचा वास शेंगेत उतरतो, पाणी थेंबभरही घालावं लागत नाही. उमूचं तत्त्व हेच. वाफ बाहेरून आणायची नाही, जिन्नस स्वतःच्या ओलाव्यात शिजू द्यायचा. तेव्हा ही पद्धत शिकायला आपल्याला समोआला जावं लागत नाही. फरक असा की आपली आगटी आणि पोपटी ही हंगामाची मौज आहे. घरातला रोजचा विस्तव आपण बाईकडेच ठेवला. या पुस्तकातल्या कृती घरातल्या मुलांनी, पुरुषांनी शनिवारी रात्री वाचाव्यात आणि रविवारी सकाळी कराव्यात, अशी माझी मनापासून इच्छा आहे. हौशीनं शेतात दगड तापवून बघणाऱ्यांना एक सूचना: ओढ्यातला, ओल धरलेला दगड कधीही तापवू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटतो आणि कपच्या डोळ्यात जातात.

आता घरच्या शेगडीकडे येते.

अळू खाजरं असतं हे मराठी माणसाला सांगायला नको. पानात आणि कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. आपल्याकडचा उपाय आंबटाचा: चिंच, कोकम, ताक. समोअन उपाय वेळेचा. पान भरपूर वेळ, पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवायचं, आणि दाट नारळाच्या दुधाच्या स्निग्धपणात ते मुरू द्यायचं. पहिल्यांदा मी हे घरी करायला घेतलं तेव्हा आई ओट्याशी येऊन उभी राहिली.

"चिंच कुठंय?"

"यात चिंच नसते, आई."

"चिंचच नाही? घसा धरंल की गं सगळ्यांचा."

मी म्हटलं, तासभर उकडणार आहे. तिनं मान हलवली आणि चिंचेचा कोळ करून वाटी शेजारी झाकून ठेवली, लागलीच तर असावी म्हणून. तासाभरानं पुरचुंडी उघडली. आत पान जवळजवळ विरघळलेलं, नारळाचं दूध फाटून त्याचे मऊ, मलईसारखे पांढरे गोळे झालेले, कांदा पारदर्शक. आईनं बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावलं आणि थांबली. अळू चाखायची तिची रीतच ती आहे, लावायचं आणि थांबायचं, कारण खाज लगेच कळत नाही. मग तिनं ज्वारीची भाकरी मोडली. चिंचेची वाटी झाकलेलीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती आमटीत गेली.

तिची ती चाखायची रीत या पुस्तकात प्रत्येक अळवाच्या कृतीशेजारी दिलेली आहे, कारण आपल्याकडच्या अळवात जातीजातीत फरक फार. काळसर देठाचं वडीचं अळू पालुसामीला सगळ्यांत चांगलं. पानं अर्धवट उलगडलेली, तळहाताहून फार मोठी नसलेली निवडायची, देठ आणि मागची जाड शीर सोलून काढायची. पान कुठून आलं तेही बघा. घरच्या मोरीच्या पाण्यावरचं अळू वेगळं आणि नाल्याकाठचं वेगळं. आमच्या गावातून वाहणाऱ्या सुखनेत आज शहराचं सांडपाणी येतं. तिच्या काठावर कितीही तजेलदार अळू दिसलं तरी ते खुडू नये.

नारळाची गोष्ट आमच्या भागात जरा अवघडच. मराठवाड्यात ओला नारळ स्वयंपाकघरात येतो तो मुख्यतः देवळाच्या वाटेनं. आमचा रोजचा संबंध सुक्या खोबऱ्याशी. दुकानात नारळ निवडताना आपण तो देवापुढे चांगला फुटावा एवढंच बघतो. या पाककृतींसाठी तो जून हवा, हातात जड हवा आणि कानाशी हलवल्यावर पाणी वाजायला हवं. खवून, अगदी थोड्या कोमट पाण्याबरोबर मिक्सरमधून काढून, सुती फडक्यातून घट्ट पिळायचा. समोआत हे पिळण्याचं काम झाडाच्या सालीच्या तंतूंच्या जुडीनं करतात आणि पहिल्या पिळणीला पाणी घालतच नाहीत. चार माणसांच्या पालुसामीला दोन मोठ्या नारळांचं पहिलं दूध लागतं. दुसरं, पातळ दूध टाकू नका, ते फाआलिफूला, म्हणजे नारळाच्या दुधात कंद किंवा कच्ची केळी घालून करतात त्या पदार्थाला, उपयोगी येईल. खोक्यातलं तयार दूध चालतं का, असं मला विचारतात. चालतं. ऑकलंडच्या समोअन घरांतही डब्यातलं दूध सर्रास वापरतात. पण एकदा तरी ताज्या नारळाचं करून बघा, म्हणजे दोन्हींतला फरक कळेल.

पुरचुंडी बांधायची ती अशी: डाव्या तळहाताची ओंजळ करायची, तीत मोठं पान, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान, चार-पाच पानांची वाटी. त्यात बारीक चिरलेला कांदा, मीठ आणि दूध. मग कडा वर गोळा करून सगळं केळीच्या पानात घट्ट गुंडाळायचं. केळीचं पान आधी आचेवर फिरवून घ्या, नाहीतर घडीवर चिरतं. पातोळ्या किंवा पानगी करणाऱ्या कोकणातल्या घरांना हे सांगावं लागत नाही, पण आमच्याकडे पानात शिजवण्याचा रिवाज कमी. केळीचं पान नाहीच मिळालं तर अॅल्युमिनियमची फॉइल. मोदकपात्रात किंवा कुकरमध्ये शिटी काढून, मंद आचेवर, एक तास. अर्ध्या तासात पान शिजलेलं दिसतं, तिथं फसू नका.

कंदाच्या बाबतीत मला तडजोड करावी लागली. समोअन अळवाचा कंद एकच, मोठा, आतून किंचित जांभळट आणि शिजल्यावर पिठूळ. आपल्या बाजारात अरवी मिळते, ती लहान आणि बुळबुळीत. तिची चव वाईट नाही, पण पदार्थ तो राहत नाही. म्हणून फाआलिफूच्या कृतीत मी कच्ची केळी घेतली आहेत, आणि तीही समोआत तितकीच रूढ आहेत. नांदेडकडची अर्धापूरची केळी हिरवी मिळाली तर उत्तम. सालीसकट उकडायची, सोलायची, आणि कांदा घातलेल्या नारळाच्या दुधात मीठ टाकून एक उकळी आणायची. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. रताळ्याचंही असंच होतं. नीरफणसाची एक कृती आहे, ती ज्यांचे पाहुणे पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून येतात त्यांच्यासाठी. कोकणात त्याचे काप तळतात, समोआत तो अख्खा निखाऱ्यावर भाजून, साल काळी झाली की फोडून खातात.

ओका मात्र मी जाणूनबुजून वगळला. ओका म्हणजे ताज्या समुद्री माशाचे कच्चे तुकडे, लिंबाचा रस, कांदा, काकडी आणि नारळाचं दूध. समोआत मासा सकाळी पाण्यात असतो आणि दुपारी वाटीत. आमच्यापासून समुद्र रस्त्यानं तीनशे किलोमीटरहून लांब. आमचा मासा जायकवाडीचा, नाथसागरातला, रोहू किंवा कटला. गोड्या पाण्यातल्या माशात जंत असू शकतात आणि लिंबानं ते मरत नाहीत. लिंबू माशाला पांढरं करतं, शिजवत नाही. तेव्हा ओकाच्या जागी केळीच्या पानात पूर्ण वाफवलेल्या माशाची कृती दिली आहे. ती समोअनच आहे, कमअस्सल नाही.

गोडाकडे आमच्या घरातल्या मुलांचा ओढा. सुआफाई हा पिकून काळपट झालेल्या केळ्यांचा, साबुदाण्याचा आणि नारळाच्या दुधाचा पातळसर, गरम गोड पदार्थ. फेकून देण्याच्या वाटेवर असलेली केळी त्यात सगळ्यांत चांगली लागतात, आणि उपासाला चालत असल्यामुळे आषाढी एकादशीला आमच्याकडे तो आता होतोच. कोको आराइसा म्हणजे कोकोत शिजवलेला मऊ भात, नारळाचं दूध आणि संत्र्याच्या झाडाचं एखादं पान. कोकोची झाडं समोआच्या मळ्यांत आहेत आणि लोक बिया घरी भाजून कुटतात. आपण दुकानातली बिनसाखरेची कोको पावडर घ्यावी. संत्र्याचं पान नसेल तर जालन्याच्या मोसंबीचं चालेल, फळबाग असलेला एखादा ओळखीचा माणूस आमच्या भागात सगळ्यांनाच असतो. पानी पोपोसाठी बेकरीतले साधे, बिनगोडाचे पाव गोड केलेल्या नारळाच्या दुधात ठेवून भाजायचे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या भांड्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर.

राहिला तिखटाचा प्रश्न. पहिल्या घासाला घरातलं कुणीतरी म्हणेल, अळणी आहे. म्हणू द्या. आमच्याकडे ताटात ठेचा वेगळा वाढतात, कारळाची चटणी वेगळी वाढतात, ज्याला हवी त्यानं बोटानं लावून घ्यावी. पदार्थात घालू नये. मंद, गोडसर पालुसामीच्या शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हातात ज्वारीची भाकरी हे जेवण मला स्वतःला इतकं आवडतं की ते समोअन आहे की मराठवाडी, हे ठरवायची गरज वाटत नाही. माझ्या बहिणीनं ओटाराच्या त्या मावशींना ठेच्याची बाटली नेऊन दिली. त्यांच्या मुलांनी ती संपवली, असा निरोप आला.

पुस्तक कुठूनही उघडा, पण करायला सुरुवात फाआलिफूपासून करावी. त्यात चुकण्यासारखं काही नाही आणि नुसतं मीठ-कांदा-नारळ जिभेला ओळखीचं होतं. पालुसामीला श्रावण येऊ द्या. त्या महिन्यात पान कोवळं असतं, मोरीकडचं अळू गुडघ्याएवढं वाढलेलं असतं आणि वड्यांसाठी कुणीतरी ते खुडणारच असतं. त्यातली चार-सहा लहान पानं आधी बाजूला काढून ठेवायला सांगा.